पिजदुऱ्याचं शेण

डायनासोरचं हाड सापडलं की बातमी होते. शेण सापडलं तर सहसा होत नाही, आणि झालीच तर लोक हसण्यावारी नेतात. पण प्राणी केवढा होता, चालायचा कसा, कुणाचा भाऊबंद होता, एवढं सांगून हाडं गप्प बसतात. तो जेवत काय होता हे विचारायचं तर शेणाकडेच जावं लागतं. शाकाहारी डायनासोरच्या बाबतीत या प्रश्नाचं सगळ्यात अनपेक्षित उत्तर विदर्भातून आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. शोधनिबंधांत ते ‘पिसदुरा’ म्हणून भेटतं. तिथल्या दगड झालेल्या शेणातून २००५ साली गवत निघालं, आणि गवताच्या वयाचा सगळा हिशेब मागे सरकवावा लागला. शेणातून गवत निघालं यात नवल कसलं, असं कुणीही म्हणेल. नवल होतं, कारण त्या काळात गवत नव्हतंच असं तोवर सगळे धरून चालले होते.

आधी जागा समजून घेऊ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने झाकलाय तो म्हणजे थिजलेला लाव्हा. त्या लाव्ह्याच्या तळाशी, तो वाहायला लागायच्या सुमारास साचलेल्या मातीचे, वाळूचे आणि चुनखडीचे थर आहेत. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून या थरांना लमेटा हे नाव मिळालं. वय साडेसहा ते सात कोटी वर्षं, म्हणजे डायनासोरच्या राज्याचा अगदी शेवटचा काळ. वर लाव्हा आला म्हणून हे थर टिकले, आणि पुढे तो लाव्हा झिजला तिथेच ते आपल्याला दिसतात. पिजदुरा, डोंगरगाव, नांद हा पट्टा असा उघडा पडलेला आहे. पिजदुऱ्याला लाल आणि हिरवट चिकणमाती आहे. एके काळचं ते नदीकाठचं सपाट रान, पूर येणारं, मधूनमधून डबकी आणि तळी असलेलं. ही माती पावसाने धुपली की तिच्यात अडकलेले कठीण गोळे सुटे होऊन वर येतात, आणि ते हाताने वेचता येतात.

पहिल्यांदा ते वेचले गेले १८६०च्या आसपास. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचारासाठी आलेल्या या माणसाला दगडांचं वेड लागलं आणि मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया बऱ्याच अंशी त्याने घातला. पिजदुऱ्याची प्रचंड हाडं त्याच्यामुळे जगाला कळली. १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून तो रात्री एकटा घोड्यावरून परतत होता आणि पुराच्या पाण्यात बुडून मेला. पिजदुऱ्याच्या हाडांवरून रिचर्ड लायडेकरने १८७९ मध्ये डायनासोरची एक जातही ठरवली. पुढे शेणाच्या गोळ्यांचा नीट अभ्यास केला चार्ल्स मॅटली यांनी. १९३९ साली त्यांनी त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि आकारानुसार त्यांचे ए, बी, बीए आणि सी असे प्रकार पाडले. त्यातला ए हा सगळ्यात मोठा. ही वर्गवारी आजही वापरतात.

शेणाचा दगड होतो तरी कसा? एरवी होतच नाही. रानात पडलेल्या शेणाच्या पोहावर शेणकिडे तुटून पडतात, वाळवी येते, वरून पाऊस, आणि त्यातूनही उरलं तर कुणी तरी गोवऱ्यांसाठी उचलून नेतं. तो टिकायचा तर थोड्याच दिवसांत मातीखाली गेला पाहिजे. पूर येणाऱ्या सपाट रानात हे जमून येतं. शेण पडलं, वरचा भाग वाळून घट्ट झाला, पाठोपाठ पुराचा गाळ येऊन बसला. मग गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार शेणाच्या पोकळ्यांत शिरतात आणि हळूहळू तिथेच बसतात. मऊ भाग कुजून जातो, त्याची जागा खनिज घेतं, आणि आकार तसाच राहतो. या दगडाला आपल्याकडे विष्ठाश्म म्हणतात.

यात मांसाहाऱ्यांना एक फायदा असतो. ते हाडं खातात, हाडांत फॉस्फेट असतं, म्हणजे दगड व्हायला लागणारा माल त्यांच्या विष्ठेत आधीच भरलेला. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सापडलेला टायरॅनोसॉरसचा म्हणून ओळखला जाणारा विष्ठाश्म चव्वेचाळीस सेंटिमीटर लांब आहे आणि त्यात हाडांचे तुकडे खच्चून भरले आहेत. कॅरन चिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचं वर्णन केलं. चारा खाणाऱ्याच्या शेणात असं काही नसतं, त्याला सगळी खनिजं बाहेरून उसनी घ्यावी लागतात. म्हणून शाकाहारी डायनासोरचे विष्ठाश्म जगभर दुर्मीळ आहेत. पिजदुऱ्याला ते रानात पडलेले मिळतात, यावरून या जागेचं मोल लक्षात येईल.

हातातला गोळा शेणाचाच आहे, नुसता मातीचा किंवा चुनखडीचा नाही, हे ठरवणं पुढचं काम. हा पेच जुना आहे. इंग्लंडच्या लाइम रीजस या किनाऱ्यावर असे गोळे ढिगाने मिळायचे आणि लोक त्यांना प्राण्यांच्या पोटात होणारे खडे समजायचे. मेरी ॲनिंग या जीवाश्म शोधून विकणाऱ्या बाईच्या लक्षात आलं की इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यात हे गोळे पोटाच्याच जागी असतात, आणि फोडले तर आत माशांची हाडं आणि खवले निघतात. त्यावरून विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये हे विष्ठेचे दगड आहेत असं मांडलं. बकलंड हा भलताच विक्षिप्त प्राध्यापक. त्याने विष्ठाश्म कापून, घासून, त्यांचं जडावकाम केलेलं टेबल करवून घेतलं. ते लाइम रीजसच्या संग्रहालयात आहे.

ओळखायच्या खुणा तेव्हापासून फारशा बदललेल्या नाहीत. आतड्यातून बाहेर पडताना आलेला आकार, एका टोकाला निमुळतेपणा, पडल्यावर खालची बाजू चपटी होणं, वाळताना पडलेल्या भेगा. पण आकार फसवा असतो, चिकणमातीही दाबाखाली असे आकार घेते. भरवशाचा पुरावा आतच असतो. गोळ्याचा काचेसारखा पातळ छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात वनस्पतींच्या पेशी, पानांच्या त्वचेचे तुकडे, बुरशीचे बीजाणू असा भरणा दिसला, आणि भोवतालच्या मातीत तो त्या प्रमाणात नसला, तर ते शेण.

मग प्रश्न येतो, कुणाचं? इथे मला मॅटली आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांच्या जिद्दीचं कौतुक वाटतं, कारण शेणावर सही नसते. पिजदुऱ्याच्या थरांत लांब मानेच्या टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरची हाडं मुबलक आहेत. शेजारच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८०च्या दशकात जवळपास अर्धा सांगाडा मिळाला, त्याचं आजचं नाव आयसीसॉरस कोल्बर्टी. यातला ‘आयसी’ म्हणजे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार. आकडेशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनासोरला कसं, तर संस्थापक महालनोबिसांनी तिथे भूशास्त्राचाही विभाग काढला होता, आणि सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी हा सांगाडा तिथूनच अभ्यासला. तर मोठे, ए प्रकारचे विष्ठाश्म, आत वनस्पती, आणि त्याच थरांत मोठ्या शाकाहारी डायनासोरची हाडं. यावरून हे टायटॅनोसॉरचं शेण असावं असा अंदाज बांधला गेला.

अंदाजच तो. पिजदुऱ्याला कासवंही भरपूर होती, त्यांतल्या एका कासवाच्या शास्त्रीय नावातच या गावाचं नाव आहे. एका सापाच्याही. लहान गोळे कासवांचे किंवा माशांचे असू शकतात. आणि मोठ्यांबद्दलही एक शंका येते: हत्तीहून कितीतरी पट अजस्र प्राण्याचं शेण एवढंसंच? या शंकेला उत्तर जिराफ देतो. एवढा उंच प्राणी, पण त्याच्या लेंड्या दोन-तीन सेंटिमीटरच्या. प्राण्याच्या आकारावरून लेंडीचा आकार ठरवता येत नाही, आणि उलटंही ठरवता येत नाही. त्यामुळे ‘डायनासोरचं शेण’ असं मी पुढे लिहीन तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द वाचकाने आपल्या मनाने घालावा.

आता आत शिरू. शेणातून जेवण ओळखायचे रस्ते अनेक आहेत, आणि पिजदुऱ्यावर त्यांतले बरेच वापरून झाले.

पहिला कार्बनचा. हवेतल्या कार्बनमध्ये थोडा वजनदार कार्बन मिसळलेला असतो. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलक्याला झुकतं माप देतात, पण किती झुकतं ते त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवर ठरतं. भात, गहू आणि जवळजवळ सगळी झाडं एका पद्धतीची, तिला सी-३ म्हणतात. ज्वारी, मका, ऊस दुसऱ्या पद्धतीचे, ती सी-४. दोन्हींतलं वजनदार कार्बनचं प्रमाण इतकं वेगळं असतं की शेणातल्या उरल्यासुरल्या सेंद्रिय भागातूनही जेवण कोणत्या गटातलं होतं ते कळतं. २००३ मध्ये प्रसेनजित घोष आणि सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर हे मोजमाप केलं. उत्तर आलं सी-३. त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं, कारण सी-४ वनस्पती पुष्कळ नंतरच्या. पण या पद्धतीची मर्यादा इथेच उघड होते. नेचं खाल्लं की झाडाची पानं, की सी-३ पद्धतीचं एखादं गवत, यातला फरक तिला कळत नाही. गवत असतं तरी या मोजमापात ते लपूनच राहिलं असतं. आणि लपलंही.

दुसरा रस्ता बुरशीचा. लखनौच्या अभ्यासकांना या विष्ठाश्मांत अशा बुरश्या सापडल्या ज्या आजही पानांवर रोग म्हणून वाढतात, भुरी आणि करपा या शेतकऱ्याच्या ओळखीच्या रोगांच्या कुळातल्या. रोगट पान खाल्लं, पान पचलं, बुरशीचा चिवट भाग शेणात उतरला. म्हणजे हा प्राणी पानं खात होता, आणि त्या पानांवर भुरी-करपा धरण्याइतकी हवा उबदार आणि दमट होती. खाणाऱ्याला कळलंही नसेल अशा गोष्टीतून हवामान कळावं, हे मला या सगळ्या अभ्यासातलं फार गोड प्रकरण वाटतं.

तिसरा रस्ता फायटोलिथचा, आणि गवत सापडलं ते याच रस्त्यावर.

फायटोलिथ म्हणजे वनस्पतीने आपल्या अंगात घडवलेला गारेचा कण. जमिनीतल्या पाण्यात थोडी सिलिका विरघळलेली असते. मुळं पाण्याबरोबर ती ओढून घेतात. पानांतून पाणी उडून जातं, सिलिका मागे राहते आणि पेशींच्या आत, पेशीभित्तीत, पेशींच्या मधल्या फटींत घट्ट बसते. ही ओपल जातीची, पाण्याचा अंश असलेली सिलिका. गवतं हे काम इतर कुणाहीपेक्षा हिरिरीने करतात. उसाच्या रानात उघड्या हातांनी शिरणाऱ्याला पातं कापतं, त्यात कडेच्या या गारेचा हात असतो. भाताचा तूस जाळला की मागे जी राख राहते तिच्यातही बहुतांश सिलिकाच असते. ती राख भांडी का घासते आणि पूर्वी दात घासायला का चालायची, ते यावरून समजेल.

पेशीत बसलेली सिलिका पेशीचा आकार घेते. साच्यात गूळ ओतला की भेली साच्यासारखी होते, तसंच. पान कुजलं, जळलं किंवा कुणाच्या पोटात पचलं तरी हा साचा विरघळत नाही, तो मातीत किंवा शेणात जातो. आणि साचे एकसारखे नसतात. गवताच्या पानाच्या त्वचेत शिरांवर ओळीने बुटक्या पेशी असतात, त्या इतर वनस्पतींत तशा नसतात. त्यांत घडलेले कण कधी डमरूसारखे, कधी खोगिरासारखे, कधी फुलीसारखे, कधी बुडाशी रुंद आणि वर निमुळते. कोणता आकार कोणत्या उपकुळात हे आजच्या शेकडो गवतांच्या पानांवरून माणसांनी बसून जुळवलेलं आहे. भाताच्या जमातीतले डमरू टोकांशी खोलगट असतात आणि पानाच्या लांबीला आडवे बसतात. बांबूचे खोगीर वेगळे. बांबू हेही गवतच, हे विसरायला नको. या कणांचा आकार साधारण दहा-वीस मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा.

आता प्रयोगशाळेत काय करतात ते. सगळ्यात आधी विष्ठाश्माचं बाहेरचं कवच काढून टाकतात. रानात पडलेल्या दगडाच्या भेगांत आजच्या गवताचे कण, धूळ, मुळं घुसलेली असतात. ती काढली नाहीत तर पुढचं सगळं काम वाया. मग आतला थोडा भाग फोडून भुगा करतात. त्यावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फेस येतो, आणि फेस थांबला की चुना गेला असं समजायचं. पाण्याने धुऊन मग नायट्रिक आम्लासारखा तिखट पदार्थ घालून तापवतात. त्यात सेंद्रिय भाग जळून जातो. उरते चिकणमाती, वाळूचे कण आणि फायटोलिथ.

यातून फायटोलिथ वेगळे करायची युक्ती वजनाची आहे. वाळूतलं क्वार्ट्झ पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड. फायटोलिथ त्यापेक्षा हलका, पाण्याच्या दीड ते सव्वादोन पटीच्या आसपास. मग एखादा जड द्रव, उदाहरणार्थ झिंक ब्रोमाइडचं दाट द्रावण, बरोबर मधल्या वजनाचं, सुमारे २.३ पटीचं, बनवतात. त्यात भुगा टाकून नळी गरगर फिरवली की क्वार्ट्झ तळाला बसतं आणि फायटोलिथ वर तरंगतात. वरचा थर अलगद काढून, धुऊन, काचपट्टीवर घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी सुरू. ही मोजणी म्हणजे तासन् तास डोळे ताणायचं काम. कण लोळवून सगळ्या बाजूंनी पाहावा लागतो, कारण वरून डमरू दिसणारा कण कुशीवर वळला की आणखीच काही निघतो.

लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतीविज्ञान संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्या वेळी स्टॉकहोमला असलेल्या फायटोलिथतज्ज्ञ कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी हे काम पिजदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर केलं. (अशोक साहनी हे बिरबल साहनींचे पुतणे. काकांनीही नागपूर-छिंदवाडा भागातल्या लाव्ह्यामधल्या वनस्पती-जीवाश्मांवर काम केलं होतं.) काचपट्टीवर शंकूधारी झाडं, ताडकुळातली झाडं, द्विदल झाडं अशी अपेक्षित मंडळी निघाली. आणि त्यांच्यात मिसळलेले डमरू, खोगीर. गवताच्या किमान पाच वेगवेगळ्या प्रकारांचे कण, तेही आजच्या उपकुळांशी जुळणारे. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

तोवर गवताचे खात्रीचे म्हणावेत असे अवशेष सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे डायनासोर गेल्यानंतर कोटभर वर्षांनी. डायनासोरची चित्रं काढणाऱ्यांचा नियमच होता की पायाखाली नेचे, शेवाळ, माती काहीही दाखवा, गवत नको. १९९९च्या बीबीसीच्या प्रसिद्ध मालिकेसाठी तर खऱ्या जागी चित्रण करताना गवत नसलेली ठिकाणं शोधावी लागली. आणि विदर्भातल्या शेणाने सांगितलं की गवत होतं, शिवाय ते पोटातही जात होतं.

अशा निष्कर्षावर पहिली शंका अर्थातच भेसळीची. आजचं गवत दगडात घुसलं असेल. त्याला उत्तर काही अंशी वर आलंच, कवच काढून आतला भाग घेणं. दुसरं उत्तर जास्त बिनतोड आहे. सुटे कण झिरपून आत जाऊ शकतील, पण पानाच्या त्वचेचा अख्खा तुकडा, ज्यात पेशी जागच्या जागी आणि फायटोलिथ त्यांच्या ओळीत बसलेले आहेत, तो भेगेतून घरंगळत जात नाही. असे तुकडे या विष्ठाश्मांत आहेत, आणि २०११ मध्ये प्रसाद यांच्या चमूने त्यांच्याच आधारे पुढचं पाऊल टाकलं: यातलं काही गवत थेट भाताच्या जमातीतलं आहे. आजच्या भाताचं नाही, त्याच्या फार जुन्या भाऊबंदांचं. तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या मुलखाशेजारी भाताच्या जमातीचे इतके जुने पुरावे मिळावेत, हा योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. तेव्हाचा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

दुसरी शंका प्रमाणाची. डायनासोर गायीसारखे चरत होते का? नाही. शेणात गवत हा एक भाग होता, मोठा नव्हता. टायटॅनोसॉरचे दात बारीक, खुंटीसारखे. ते ओरबाडायचे आणि गिळायचे, चघळत नव्हते. जे समोर येईल ते, झुडपं, ताडाची पानं, मधलं गवत, असं सरसकट खाणारं तोंड ते. कुरण तेव्हा नव्हतं. गवतं असतील ती पाणथळ जागी आणि झाडीच्या कडेने.

पण एक उपकथा इथे जोडली जाते. त्याच काळात भारतात गोंडवानाथेर नावाचे छोटे सस्तन प्राणी होते, त्यांच्या दाढा उंच आणि झिजायला तयार असलेल्या. तेलंगणातल्या नास्कलला त्यांचे दात मिळाले आहेत. अशा दाढा सहसा गारेने भरलेला, दात खाणारा चारा चघळणाऱ्यांच्या असतात. गवतच नव्हतं असं धरल्यावर या दाढांचं काय करायचं हा प्रश्न होता. पिजदुऱ्याच्या निकालानंतर त्याला एक शक्य उत्तर मिळालं.

गवताच्या वंशावळीवर झालेला परिणाम जास्त मोठा आहे. एका ठिकाणी पाच प्रकार वेगळे झालेले सापडले याचा अर्थ त्यांचा समान पूर्वज त्याहून बराच जुना. शिवाय त्या काळात भारत हे उत्तरेकडे सरकणारं बेट होतं. गवत इथे पोहोचलं कधी? सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे, बेट होण्याआधीच, जेव्हा दक्षिणेचे खंड एकमेकांना लागून होते. भाताच्या जमातीचा शोध धरून केलेल्या काही हिशेबांत गवतकुळाचा उगम दहा कोटी वर्षांच्या पलीकडे जातो. डीएनएवरून काढलेल्या वयांशी हे जुळवणं सोपं नाही आणि वाद चालू आहेत. २०१८ मध्ये मात्र चीनमधून पाठिंबा आला. तिथल्या एक्विजुबस या बदकचोच्यांच्या कुळातल्या डायनासोरच्या दातांना चिकटलेल्या मळातून गवताची त्वचा आणि फायटोलिथ काढले गेले. वय दहा कोटी वर्षांहून जास्त. आता पिजदुरा एकटा राहिला नाही.

पिजदुऱ्यावरचं काम तिथेच थांबलं नाही. २०१५ मध्ये आशु खोसला, कॅरन चिन आणि सहकाऱ्यांना या विष्ठाश्मांत ऑस्ट्रॅकोड सापडले, गोड्या पाण्यातले, शिंपल्यासारखी दुहेरी कवचं असलेले सूक्ष्म जीव. ते मुद्दाम कुणी खात नाही. ओल्या चाऱ्याबरोबर किंवा पाणी पिताना पोटात गेले असावेत. नागपूर विद्यापीठाच्या बंदना समंत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये शेणातले परागकण आणि शेजारच्या मातीतले परागकण समोरासमोर ठेवून पाहिले. मातीत भोवतालची सगळी झाडी असते, शेणात खाल्लेली. दोन याद्यांतला फरक म्हणजे प्राण्याची आवड, असा त्यामागचा विचार.

यात एक व्यावहारिक अडचण कायम असते. परागकण शोधणाऱ्याला सेंद्रिय भाग हवा असतो, आणि सिलिका नको असते. तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिका विरघळवून टाकतो. फायटोलिथ शोधणाऱ्याला सिलिकाच हवी, तो सेंद्रिय भाग जाळून टाकतो. एकाचा पुरावा तो दुसऱ्याचा कचरा. त्यामुळे एकाच गोळ्यातून सगळं हवं असेल तर तो आधी कापून वाटून घ्यावा लागतो: एक फोड परागकणांसाठी, एक फायटोलिथसाठी, थोडा भुगा कार्बन मोजायला, एक पातळ छेद. एक तुकडा मात्र अजिबात न फोडता ठेवून देतात, पुढे कुणाला वेगळं काही विचारायचं असेल म्हणून.